निवडणे, रोळणे, पाखडणे : कोळशातल्या दगडाचा इतिहास

१/
धान्यातले खडे काढण्याच्या तीन रीती मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या आहेत : ताटात पसरून हाताने निवडणे, पाण्यात रोळणे आणि सुपात पाखडणे. गेल्या दोन शतकांत जगाने कोळशातला दगड काढण्यासाठी नेमक्या याच तीन रीती वापरल्या. आजचा थ्रेड या तिन्ही रीतींचा, आणि विशेषतः तिसरीचा, म्हणजे पाण्याच्या थेंबाशिवाय कोळसा स्वच्छ करण्याचा इतिहास सांगणारा आहे. 🧵

२/
आधी मुळाशी जाऊ. कोळसा जळून गेल्यावर मागे उरते ती राख. ही राख कोळशातील जळणाऱ्या भागाची नसते. त्यात मिसळलेल्या माती, शेल, वाळू अशा खनिजांची ती असते. म्हणून एखाद्या कोळशात ४० टक्के राख आहे असे म्हणताना आपण वस्तुतः असे म्हणत असतो की, या १ टन कोळशात किमान ४०० किलो दगडमाती आहे.

३/
भारतीय कोळशात ती इतकी का, याचे उत्तर सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांमागे जाते. आपला बहुतेक कोळसा गोंडवन काळातला आहे. (‘गोंडवन’ हे नाव भूशास्त्राला मिळाले ते मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून. पुढे एडुआर्ड झ्यूस याने १८८५ मध्ये त्यावरून एका अख्ख्या प्राचीन महाखंडाचे नामकरण केले.) बहुतेक अभ्यासकांच्या मते या कोळशातील वनस्पती जागच्या जागी गाडल्या गेल्या नाहीत. नद्यांनी त्या वाहून आणल्या आणि सोबत गाळही आणला. परिणामी येथे माती कोळशाच्या कणाकणांत शिरलेली आहे.

४/
हा दगड फुकट प्रवास करीत नाही. सुमारे ४ हजार टन कोळसा घेऊन एक मालगाडी निघाली आणि त्यात ४० टक्के राख असली, तर १,६०० टन दगडमाती रेल्वेने वाहिली जाते. वीजकेंद्रात ती दळण्यासाठी वीज खर्ची पडते. भट्टीत ती उष्णता शोषते आणि तिच्यातले क्वार्ट्‌झचे कण बॉयलरच्या नळ्या झिजवतात. अखेरीस तिची राख होऊन ती राखेच्या तलावात किंवा हवेत जाते.

५/
या साऱ्या इतिहासात एक सूत्र ध्यानी ठेवावे. कोळशातला दगड कोणतेही तंत्र नाहीसा करीत नाही. तंत्र फक्त त्याचा पत्ता बदलते. म्हणून प्रत्येक टप्प्यावर विचारण्याजोगा प्रश्न एकच आहे : दगड कोणी काढला, कुठे काढला, आणि तो कोणाच्या दारात जाऊन पडला?

निवडणे

६/
पहिली रीत हाताची. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या अँथ्रासाइट खाणींवर ‘ब्रेकर’ नावाच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. त्यांत कोळसा फोडला जाई आणि तिरप्या पन्हाळींतून खाली सोडला जाई. त्या पन्हाळींवर ओळीने फळ्यांवर बसलेली मुले वाहत्या कोळशातून दगड वेचून काढीत. इतिहास त्यांना ‘ब्रेकर बॉइज’ म्हणून ओळखतो.

७/
पाण्याविना कोळसा स्वच्छ करण्याचे हे सर्वांत जुने तंत्र! त्याचे यंत्र म्हणजे आठ-दहा वर्षांच्या मुलाचे डोळे आणि बोटे. धुळीने छाती भरे, बोटे सुजत व फाटत, पन्हाळीत घसरून मुले दगावत. १८८५ मध्ये तेथील कायद्याने ब्रेकरवरील कामासाठी १२ वर्षांची वयोमर्यादा घातली. ती किती पाळली गेली, याचा पुरावा लुईस हाइन याने १९११ मध्ये पिट्स्टन येथे काढलेल्या छायाचित्रांत आहे. काळवंडलेले ते चेहरे आजही नजर वळवू देत नाहीत.

८/
भारताकडे येऊ. १७७४ मध्ये समनर आणि हीटली या कंपनी सरकारच्या नोकरांनी राणीगंज परिसरात कोळसा काढायला आरंभ केला. तो विलायती कोळशाच्या तुलनेत हलका ठरला, आणि ही तक्रार पुढे दीड शतक भारतीय कोळशाच्या मागे लागली. राणीगंज-झरियाच्या खाणींवर ‘कामिन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्री-मजुरांनी कोळसा वाहण्या-भरण्याचे अतोनात कष्ट उपसले. पण मालातला दगड नीट वेचला जाईलच, अशी शाश्वती ग्राहकाला नव्हती.

९/
पहिल्या महायुद्धानंतर मुंबईच्या बाजारात दक्षिण आफ्रिकेतील नाताळचा कोळसा बंगालच्या कोळशाशी स्पर्धा करू लागला, तेव्हा ही तक्रार सरकारदरबारी पोचली. फ्रँक नॉइस यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चौकशी केली आणि १९२५ मध्ये कोळसा प्रतवारी मंडळाचा कायदा झाला. या मंडळाच्या तक्त्यात कमी बाष्पशील कोळशाची सर्वोच्च प्रत मिळवायची, तर राख १३ टक्क्यांपर्यंतच चाले. १५ टक्क्यांपर्यंत पहिली प्रत, १८ टक्क्यांपर्यंत दुसरी. त्यापुढचा सारा माल तिसऱ्या प्रतीचा.

१०/
१३, १५, १८ हे आकडे लक्षात ठेवा. थ्रेडच्या शेवटाकडे त्यांची पुन्हा गाठ पडेल.

रोळणे

११/
दुसरी रीत पाण्याची. रोळीत तांदूळ हलवले की जड खडे तळाशी बसतात. खाणकामातील ‘जिग’ हे यंत्र याच न्यायाने चालते. पाण्यात बुडवलेल्या चाळणीवर माल वरखाली हलवला की हलके वर येते, जड खाली जाते. अग्रिकोलाच्या १५५६ मधील खाणशास्त्रावरील ग्रंथात धातुकासाठी या रीतीचे वर्णन आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपने ती कोळशाला लावली.

१२/
रीत यशस्वी होण्याचे कारण साधे आहे. शुद्ध कोळसा पाण्याच्या साधारण १.३ पट जड असतो, तर शेलसारखा दगड दुपटीहून अधिक. या दोहोंच्या मधल्या घनतेचे द्रव मिळाले तर कोळसा तरंगेल आणि दगड बुडेल. मॅग्नेटाइटची बारीक पूड पाण्यात कालवून नेमके असे जड द्रव करता येते. आजच्या बहुसंख्य आधुनिक वॉशऱ्या याच तत्त्वावर चालतात.

१३/
स्वतंत्र भारतात कोळसा धुण्याची निकड प्रथम पोलादाने निर्माण केली. झोतभट्टीसाठी लागणारा कोक कमी राखेच्या कोळशाचाच हवा, आणि तसा कोळसा देशात थोडा होता. एप्रिल १९५० मध्ये धनबादजवळ दिगवाडी येथे केंद्रीय इंधन संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले. १९५१ मध्ये टाटांची पश्चिम बोकारो येथील वॉशरी सुरू झाली, तर १९५८ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातली कारगली येथील. पोलादासाठी कोळसा धुतला जाऊ लागला. विजेसाठीचा कोळसा मात्र पुढेही दीर्घकाळ न धुताच जळत राहिला.

१४/
पाण्याची किंमत मात्र नदीने मोजली. झरिया-बोकारो पट्ट्यातील वॉशऱ्यांचे काळे पाणी दामोदरच्या खोऱ्यात उतरले. कोळशाची बारीक पूड मिसळलेला तो गाळ, ज्याला तिकडे ‘स्लरी’ म्हणतात, तळ्यांत साठला आणि काठांवर पसरला. दगडाचा पत्ता बदलला होता : चिमणीऐवजी नदी.

१५/
दुसरा तोटा गणिताचा आहे. समजा, कोळशात ३८ टक्के राख आणि ६ टक्के ओलावा आहे. जळणारा भाग उरला ५६ टक्के. धुतल्यावर राख ३२ वर आली, पण पाणी चिकटून ओलावा १० वर गेला. जळणारा भाग झाला ५८. म्हणजे सहा टक्के दगड काढून पदरात पडले दोनच. शिवाय भट्टीत प्रत्येक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता खर्च होते. हाच दगड कोरडा काढला असता, तर जळणारा भाग ६२ टक्के झाला असता.

पाखडणे

१६/
या गणिताचे उत्तर सुपात आहे. वाऱ्याने फोल उडते, आणि सूप घोळले की खडा वेगळा होतो. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील डॅलसच्या ‘सटन, स्टील अँड स्टील’ या कंपनीने या दोन्ही क्रिया एकत्र करणारे टेबल घडवले. सच्छिद्र, तिरपे टेबल. खालून हवेचा झोत. आणि सतत हादरे. हलका माल हवेवर अधांतरी होऊन उताराकडे सरकतो, जड माल टेबलाला चिकटून हादऱ्यांनी वर चढतो.

१७/
बियाण्यांची प्रतवारी करणारी ‘ग्रॅव्हिटी सेपरेटर’ यंत्रे याच तत्त्वाची. पहिल्या महायुद्धानंतर अशी टेबले अमेरिकेच्या कोळसा खाणींवर आली, आणि पाठोपाठ डरहॅममधील बर्टली आयर्न कंपनीने ती ब्रिटनमध्ये रुजवली. १९२६ मध्ये टॉमस फ्रेझर आणि एच. एफ. यान्सी यांनी त्याहून धाडसी कल्पना मांडली : वाळूच्या थरातून खालून हवा सोडली तर ती वाळू द्रवासारखी वागते, आणि तिच्यात कोळसा तरंगतो, दगड बुडतो. पाण्यावाचूनचे ‘पाणी’!

१८/
१९६५ मध्ये अमेरिकेत सुमारे अडीच कोटी टन कोळसा हवेच्या यंत्रांनी स्वच्छ झाला. तो या रीतीचा तेथील कळस होता. त्यानंतर उतार लागला. याचे कारण इतिहासाच्या विद्यार्थ्याने विशेष ध्यानात घ्यावे असे आहे.

१९/
नोव्हेंबर १९६८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट होऊन ७८ कामगार मृत्युमुखी पडले. फुप्फुसांत धूळ साचून होणाऱ्या ‘काळ्या फुप्फुसा’च्या रोगाविरुद्धही कामगारांनी संप पुकारला. १९६९ मध्ये खाण आरोग्य व सुरक्षा कायदा झाला आणि धुळीवर कडक मर्यादा आली. खाणीत पाण्याचे फवारे वाढले. कोळसा ओला होऊन वर येऊ लागला, आणि ओला माल पाखडता येत नाही, हे सुपाने दाणे पाखडणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

२०/
पाण्यातील यंत्रे अधिक अचूक होत गेली, हेही या उताराचे कारण होतेच. तरी येथे एक मोठा विरोधाभास दिसतो. कामगाराच्या छातीतली धूळ कमी करणारे पाणी कोरड्या रीतीच्या मुळावर आले. त्या कायद्याबद्दल खंत बाळगण्याचे काही कारण नाही. पण तंत्राचा जय-पराजय केवळ यंत्राच्या गुणांवर ठरत नाही, हे यातून उमगते.

२१/
पाश्चात्त्य जगाने बाजूला ठेवलेली रीत चीनने उचलली. तेथील कोळशाचे मोठे साठे शान्शी, अंतर्मंगोलिया, शिंज्यांग अशा पाणीटंचाईच्या प्रदेशांत आहेत. उत्तरेत आणखी एक अडचण : धुतलेला कोळसा हिवाळ्यात वाघिणींतच गोठतो. चिनी खाण व तंत्रज्ञान विद्यापीठातील चेन छिंग-रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळूऐवजी मॅग्नेटाइटची पूड वापरून हवेवर तरंगणारा जड थर सिद्ध केला. १९९४ मध्ये हेइलोंगज्यांग प्रांतात चिथायहे येथे तासाला ५० टन क्षमतेचा कारखाना सुरू झाला. फ्रेझर-यान्सींच्या कल्पनेला सात दशकांनी औद्योगिक रूप लाभले.

२२/
त्याच काळात हवा आणि हादरे यांच्या जोडीने चालणारी ‘एफजीएक्स’ यंत्रे चीनभर पसरली व तेथून अन्य देशांत गेली. आता क्ष-किरणांची यंत्रेही आली आहेत. पट्ट्यावरून धावणाऱ्या प्रत्येक तुकड्यातून क्ष-किरण जातात. दगड ते अधिक अडवतो, म्हणून ओळखू येतो, आणि हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो. नीट पाहिले तर ही पहिलीच रीत आहे. ब्रेकरवरील मुलाच्या डोळ्याची जागा क्ष-किरणांनी घेतली, बोटाची जागा हवेने.

२३/
कोरड्या रीतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अगदी बारीक चुरा तिला नीट साधत नाही. हवेची टेबले जड द्रवाइतकी अचूक नसतात, त्यामुळे दगडाबरोबर थोडा चांगला कोळसाही जातो. धूळ पकडण्याची यंत्रणा नसेल तर नदी वाचते पण गावाची हवा बिघडते. भारतात पावसाळ्याचे चार महिने कोळसा भिजलेला असतो. आणि भारतीय कोळशात माती कणाकणांत शिरलेली असल्याने पाखडून निघतो तो मुख्यतः सुटा दगड. आतली माती तशीच राहते.

२४/
तरीही सुट्या दगडाचे महत्त्व कमी नाही. १९७० च्या दशकातील राष्ट्रीयीकरणानंतर भारतात खुल्या खाणी झपाट्याने वाढल्या. त्यांतील अवजड यंत्रे कोळशाच्या थरांमधला दगडी पट्टाही सोबत खरवडून आणतात. हा दगड कोळशात निसर्गाने मिसळलेला नाही. तो खोऱ्याने मिसळलेला आहे, आणि कोरड्या यंत्रांना तोच सर्वांत सहज काढता येतो.

भारत : आकड्यांची गाठ

२५/
आता ते जुने आकडे पुन्हा आठवा. सप्टेंबर १९९७ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढली : खाणीपासून १,००० किलोमीटरहून दूर असलेल्या, तसेच शहरी, संवेदनशील वा अतिप्रदूषित क्षेत्रांतील वीजकेंद्रांनी ३४ टक्क्यांहून कमी राखेचा कोळसा वापरावा. १९२५ मध्ये १८ टक्क्यांच्या पुढचा माल तिसऱ्या प्रतीचा होता. सात दशकांनी ३४ टक्के हे स्वच्छतेचे उद्दिष्ट ठरले. दोन्ही तक्त्यांचे हेतू निराळे होते, हे खरे. पण कोळशातल्या दगडाला आपण किती सरावलो, हे त्यांच्यातले अंतर सांगते.

२६/
त्या अधिसूचनेत आणखी एक बारकावा होता. खाणीच्या तोंडाशी असलेल्या वीजकेंद्रांना अतिप्रदूषित क्षेत्राच्या अटीतून सूट होती. रेल्वेचा भार वाचवण्याच्या दृष्टीने हे तर्कशुद्धच. कोळसा दूर न्यायचा नसेल तर दगड वाहण्याचा प्रश्न येत नाही. पण भट्टी, नळ्या, राख आणि शेजारचे गाव यांच्या दृष्टीने तो दगड तितकाच दगड राहतो.

२७/
२०१४ मध्ये अंतराची मर्यादा टप्प्याटप्प्याने ५०० किलोमीटरवर आणण्याचे ठरले. मे २०२० मध्ये ही सक्तीच मागे घेण्यात आली. समर्थनाचा एक मुद्दा असा होता की, वॉशरीतून निघणारा टाकाऊ माल अखेर अन्य उद्योगांतच जळतो. त्यापेक्षा प्रदूषण एकाच ठिकाणी, वीजकेंद्रात, रोखावे. या युक्तिवादात तथ्य आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो की, दगड पुन्हा मालगाडीत बसला.

२८/
महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी नाही. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये परळीचे औष्णिक वीजकेंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. चंद्रपूरला २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत गणले. एकीकडे पाणी नाही, दुसरीकडे राख ठेवायला जागा नाही. या दोन टोकांमध्ये ‘कोळसा पाण्याविना स्वच्छ करता येईल का’ हा प्रश्न उभा आहे.

२९/
कोरडी रीत वातावरण-बदलाचे उत्तर नव्हे, हेही स्पष्ट असावे. दगड काढलेला कोळसा जळतानाही कार्बन डायऑक्साइड सोडतोच. फक्त प्रत्येक युनिटमागे इंधन आणि राख थोडी कमी लागते-निघते. आणि पाखडून काढलेला दगड खाणीजवळच उरतो. तो रिकाम्या खाणीत नीट भरला, तर दगड आपल्या मूळ घरी परतला असे म्हणता येईल. उघड्यावर टाकला, तर त्यातला उरलासुरला कोळसा पेट घेतो आणि आणखी एका गावाच्या नशिबी धूर येतो.

३०/
निवडणे, रोळणे, पाखडणे. पहिल्या रीतीचा भार मुलांच्या बोटांवर पडला, दुसरीचा नदीवर. काहीच न करण्याचा भार आज राखेच्या तलावांशेजारी राहणाऱ्यांवर आहे. तिसऱ्या रीतीचा भार कोणावर पडेल, हे अजून ठरायचे आहे, आणि ते केवळ यंत्र ठरवणार नाही. म्हणून ‘स्वच्छ कोळसा’ हे शब्द पुढच्या वेळी वाचनात आले की एवढेच विचारा : काढलेला दगड ठेवला कुठे?